मालवाहतूक कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागताय? पहिल्या तीन महिन्यांत काय काय वाट्याला येतं

जड वाहनाचा परवाना हातात आला की वाटतं, आता फक्त गाडी चालवायची. कंपनीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं की दिवसातला बराच वेळ स्टिअरिंगवर जातच नाही. गेटवरच्या रांगेत उभं राहणं, कागद जुळवणं, ताडपत्री आवळणं, कुणाच्या तरी सहीसाठी ताटकळणं आणि सारखं केबिनमधून उतरणं-चढणं, हेच जास्त. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी दोनदा चांगलाच आपटलो आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: खाली उतरून बघायला हवं होतं तिथे मी सीटवर बसून राहिलो. ते किस्से पुढे येतीलच.

हा लेख परवाना काढून झालेल्या आणि एखाद्या प्रादेशिक मालवाहतूक कंपनीत पहिल्यांदाच लागणाऱ्यांसाठी आहे. नियम देशागणिक बदलतात. टायर, ब्रेक आणि उतार मात्र सगळीकडे सारखेच वागतात.

१. आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

लांब पल्ल्याचा ड्रायव्हर एकदा निघाला की आठवडेच्या आठवडे बाहेर असतो. शहरातल्या शहरात माल टाकणारा रोज रात्री घरी येतो. प्रादेशिक काम या दोन्हींच्या मधलं. डेपोपासून काही शे किलोमीटरचा टापू ठरलेला, त्यातच फिरायचं. काही रात्री घरी, काही गाडीत.

यातली चांगली बाजू म्हणजे तेच ते ग्राहक, तीच ती गोदामं. महिन्याभरात कुठल्या आवारात वळायला जागा नाही आणि कुठला वॉचमन कागद दोनदा बघतो, हे पाठ होतं. वाईट बाजू अशी की थांबे जास्त. लांब पल्ल्यावाला दोन दिवसांत एकदा गाडी मागे घेतो, तुम्ही एका दिवसात पाच वेळा घेणार. नवीन माणसाच्या नावावर लागणारं किरकोळ नुकसान हायवेवर क्वचितच होतं. ते होतं आवारात, चालण्याच्या वेगात.

मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचारा: आठवड्यातल्या किती रात्री बाहेर आणि सुट्टी कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत? ‘दर आठवड्याला घरी’ या शब्दांवर जाऊ नका. मध्यरात्री घरी पोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निघालात, तरी कंपनीच्या हिशेबात तुम्ही घरी जाऊन आलेले असता.

२. कागदपत्रं आणि सोबतचं सामान

रुजू होताना साधारणपणे हे लागतं:

- जड वाहनाचा चालू परवाना, मुदत संपायची तारीख पाहून
- वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र. चष्मा लागत असेल तर एक जास्तीचा चष्मासुद्धा
- ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील
- आधी कुठे काम केलं असेल तर तिथलं अनुभवपत्र
- परवान्यावर पूर्वी दंड किंवा अपघाताची नोंद असेल तर तिचे कागद

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण गप्प राहतात. कंपनी नोंदी तपासतेच. आधीच सांगितलेली जुनी चूक बहुतेक वेळा खपून जाते. लपवलेली सापडली तर परवाना कितीही चांगला असो, घरचा रस्ता.

गाडीचे कागद वेगळे. नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट हे सगळं कंपनीने द्यायचं, पण रस्त्यात अडवतात ते तुम्हाला. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक कागदावरची तारीख स्वतः वाचा आणि त्यावरचा गाडीचा नंबर पाटीशी जुळवून बघा. ट्रेलर असेल तर त्याचे कागद वेगळे असतात; नवीन माणूस हमखास विसरतो ते हेच.

सामानात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, पोलादी टोकाचे बूट, हातमोज्यांचे दोन जोड (एक वंगणासाठी, एक कोरडा), चांगली टॉर्च, टायरची हवा मोजायचं गेज आणि चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे हवेत. शिवाय एक जाड पुठ्ठ्याची वही. मोबाइलमध्ये सगळं लिहिता येतं हे खरं, पण पावसात, ओल्या हाताने, गेटवर गाडी चालू ठेवून लिहायला वहीच बरी.

३. पगाराची बोलणी: आकडा नंतर, पद्धत आधी

पगार किती हे सगळे विचारतात. कसा मोजतात हे फार थोडे विचारतात. महिन्याचा बांधलेला पगार, फेरीमागे रक्कम, किलोमीटरमागे दर, तासावर पैसे, असे चार प्रकार असतात आणि कित्येक ठिकाणी त्यांची खिचडी असते.

किलोमीटरमागे दर असेल तर कुठले किलोमीटर, हे विचारा. गाडीच्या मीटरवर दिसतात ते, की कंपनीच्या संगणकाने दोन ठिकाणांमध्ये काढलेलं सर्वांत जवळचं अंतर? जड वाहनाला बंदी असलेला रस्ता टाळून तुम्ही वळसा घालून गेलात तर त्या वळशाचे पैसे दुसऱ्या पद्धतीत मिळत नाहीत. रिकामी गाडी परत आणली त्याचे काय? गोदामाबाहेर चार तास उभे राहिलात त्याचे काय? पुष्कळ ठिकाणी पहिले दोन तास फुकट आणि पुढे हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, असा प्रकार असतो. पण ते हॉल्टिंग ग्राहकाकडून वसूल झालं तरच ड्रायव्हरला, अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात असते. ती शोधा.

कपातीही तितक्याच महत्त्वाच्या. माल कमी भरला, काच फुटली, डिझेलचं अ‍ॅव्हरेज बसलं नाही, तर कापणार का, किती आणि कुणाच्या सांगण्यावरून? तोंडी उत्तर मिळालं तर तिथेच म्हणा, “साहेब, एवढं लिहून द्या.” चांगली कंपनी देते. ‘आपण घरच्यासारखे आहोत’ असं उत्तर आलं तर मी जरा सावध होतो.

दोन सापळ्यांबद्दल मुद्दाम सांगतो. एक, ‘दरमहा हप्ता कापून गाडी तुमच्याच नावावर करून देतो’ ही योजना. दुरुस्ती, टायर, विमा, रिकामे दिवस, सगळं तुमच्या डोक्यावर येतं आणि काम देणं-न देणं त्यांच्याच हातात राहतं. निदान पहिलं वर्ष या वाटेला जाऊ नका. दुसरा, ट्रेनिंगचा बाँड. ‘अमुक महिने आधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरा’ ही अट गैर आहेच असं नाही, पण रक्कम किती, आणि दर महिन्याला ती घटते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

४. जुन्या ड्रायव्हरबरोबरचे दिवस

काही कंपन्या दोन-चार दिवस, काही कित्येक आठवडे जुन्या ड्रायव्हरबरोबर पाठवतात. त्याची गाडी चालवायची पद्धत बघाच, पण त्याहून जास्त लक्ष तो थांबतो तेव्हा काय करतो याकडे द्या. कुठल्या खिडकीवर आधी जातो, कागद कसे लावतो, कुणाला नावाने हाक मारतो. गाडी तुम्हाला येते. हे येत नसतं.

त्याच्या वाईट सवयीही दिसतील. “हे रोज कोण बघतं?” असं म्हणून तो तपासणीची वही एका जागी बसून भरेल. त्याला वीस वर्षांत गाडीच्या आवाजावरून अर्धं कळतं. तुम्हाला कळत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, पण गाडी तुमच्या ताब्यात आली की बघून भरा.

५. निघण्याआधीची तपासणी

याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यात चाळीस लागली तरी हरकत नाही. क्रम एकदा ठरवा आणि मोडू नका. मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून गाडीला पूर्ण फेरी मारतो आणि त्याच दारापाशी संपवतो. मध्ये फोन आला तर फेरी पुन्हा पहिल्यापासून.

आधी गाडीखाली वाका. जमिनीवर ताजं तेल, पाणी, डिझेल दिसतंय का? मग बॉनेट किंवा केबिन उघडून ऑइल, कूलंट, पट्टे. मग चाकं. जोडचाकांतला आतला टायर बसलेला असला तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो, त्यामुळे लांबून सगळं ठीक दिसतं. हातोडीने ठोकून आवाज ऐकायची पद्धत जुनी आहे. पूर्ण बसलेला टायर तिच्याने कळतो, पण निम्मी हवा गेलेला कळेलच असं नाही. गेज लावा, आणि टायर थंड असताना लावा. गाडी चालून टायर तापला की आतला दाब वाढतो आणि कमी हवेचा टायरही बरोबर आकडा दाखवून फसवतो.

चाकाच्या नटांपासून बाहेरच्या दिशेने गंजाचे लालसर ओघळ गेलेले दिसले तर नट ढिला असण्याची शक्यता धरा. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात. गॅरेजवाला हे सांगतो, आपण ऐकतो आणि विसरतो. म्हणून वहीत लिहा.

आता एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक. बहुतेक गाड्यांत टाकीचा दाब साधारण १०० ते १२५ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) चढतो आणि ६०च्या आसपास उतरला की बझर किंवा दिवा इशारा देतो. तपासायचं असं: गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे. दाब पूर्ण चढू द्या, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, ब्रेकचं पेडल दाबून एक मिनिट धरा आणि काट्याकडे बघा. अमेरिकेतल्या परवान्याच्या परीक्षेत एकट्या गाडीला मिनिटाला ३ आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीला ४ पीएसआयपर्यंत उतार चालतो. त्याहून जास्त उतरत असेल तर हवा कुठेतरी गळते आहे. इंजिन बंद असल्यामुळे फुस्स आवाजही ऐकू येतो. मग चावी पुढे करून पेडल पंपासारखं मारत दाब खाली आणा आणि बझर खरंच वाजतो का बघा. न वाजणारा बझर असलेली गाडी मी बाहेर काढत नाही. दिवसाच्या शेवटी टाक्यांतलं पाणी सोडायचं, कारण दाबलेल्या हवेतली वाफ तिथे साठते आणि कडाक्याच्या थंडीत तिचा बर्फ होऊन ब्रेकच्या नळ्या अडतात.

ट्रेलर जोडत असाल तर आणखी एक काम. फिफ्थ व्हीलमध्ये (गाडीच्या मागची जोडणीची प्लेट) किंगपिन (ट्रेलरखालचा जोडणीचा खिळा) बसल्याचा ‘खट्ट’ आवाज आला म्हणजे जोडणी झाली असं समजू नका. खाली उतरा, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाका. वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये फट दिसता कामा नये आणि जबडे किंगपिनच्या बारीक भागाला धरून बंद झालेले दिसले पाहिजेत. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून कमी गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे ओढून बघा. ट्रेलरचे पाय त्यानंतरच उचला. हा क्रम उलटा केला आणि जोडणी अर्धवट असली तर भरलेला ट्रेलर तोंडावर जमिनीवर बसतो.

६. माल भरताना

‘माल भरणं हे हमालांचं काम, आपण केबिनमध्ये बसू’ ही नवीन ड्रायव्हरची सगळ्यात महाग समजूत. रस्त्यावर तो माल हलला की प्रश्न तुम्हालाच विचारतात.

एकूण वजन बरोबर असूनही गाडी चुकीची भरलेली असू शकते. जड पेट्या सगळ्या मागे टाकल्या तर पुढचा एक्सल (चाकांचा आस) हलका होतो आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. सगळ्या पुढे टाकल्या तर पुढच्या एक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त भार येतो. वजनकाट्यावर शक्य असेल तिथे एकेका एक्सलचं वजन घ्या. उंच रचलेला माल वळणावर गाडी कलंडवतो, म्हणून जड खाली, हलकं वर. टँकरमध्ये अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्यापेक्षा त्रास देते, कारण आतलं द्रव पुढे-मागे उसळतं आणि ब्रेक लावून गाडी थांबल्यावरही मागून धक्का देतं.

बांधणीचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेचे नियम घ्या किंवा युरोपातलं मानक घ्या, दोन्हीकडे बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर सहन केला पाहिजे असं धरतात. म्हणजे १० टन मालाने जोरदार ब्रेकमध्ये पुढे ८ टनांचा रेटा दिला तरी तो जागचा हलता कामा नये. ‘एवढं जड आहे, कुठे सरकतंय!’ हे वाक्य तुम्ही दर आठवड्याला ऐकाल. जड आहे म्हणूनच सरकल्यावर थांबत नाही.

बेल्ट मालावरून आडवा टाकून आवळतो तेव्हा त्याचा कोन बघा. उंच मालावर बेल्ट जवळजवळ उभा उतरतो आणि पूर्ण ताकदीने खाली दाबतो. बुटक्या, पसरट मालावर तो जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर खाली दाबणारी ताकद निम्मीच उरते. तिथे बेल्ट वाढवा, खाली रबरी चटई टाका. धारदार कडेवर कोपऱ्याला पट्टी लावल्याशिवाय बेल्ट टाकू नका.

निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी तपासायची, असा अमेरिकेतला नियम आहे. नियम कुठलाही लागू असो, ही सवय लावून घ्या. पहिल्या तासाभरात माल बसतो, बेल्ट हाताने हलवता येईल इतका सैल झालेला मी कितीदा तरी पाहिला आहे.

७. बिल्टी, सील आणि सही

माझा पहिला किस्सा इथला. तिसरा आठवडा. बंद कंटेनर तयारच होता, सील लावलेलं होतं, कागद खिडकीतून हातात दिले गेले. बाहेर पाऊस होता. मी बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावर, सही केली आणि निघालो. सहा तासांनी माल उतरवायच्या ठिकाणी वॉचमनने टॉर्च मारून सीलचा नंबर वाचला आणि कागद परत दिला. सीलवर शेवटचा आकडा ८, बिल्टीवर ६. ग्राहकाने माल घ्यायला नकार दिला. फोनाफोनी, फोटो, ईमेल, यात सारी रात्र गाडी गेटबाहेर उभी. शेवटी लिहिणाऱ्याची चूक निघाली, पण सही माझी होती. मागच्या दारापर्यंत चालत जाऊन नंबर वाचायला दीड मिनिट लागलं असतं.

तेव्हापासून क्रम असा: सीलचा नंबर आधी सीलवरून माझ्या वहीत, मग वहीवरून बिल्टीशी जुळणी. बिल्टीवरून वाचून सीलकडे बघितलं की डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं.

मोजता येणारा माल असेल तर नग मोजा. मोजू देत नसतील, किंवा आधीच सीलबंद असेल, तर बिल्टीवर सहीशेजारी ‘नग मोजलेले नाहीत, सीलबंद मिळाले’ असं लिहा. फाटका खोका, ओलसर गोणी, वाकलेलं पॅलेट, जे दिसेल ते लिहा आणि फोटो काढा. सीमेपलीकडच्या रस्ता वाहतुकीसाठी १९५६ मध्ये जीनिव्हात झालेल्या सीएमआर करारातही हेच तत्त्व आहे: माल ताब्यात घेताना बिल्टीवर शेरा नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत माल वरून चांगल्या स्थितीत मिळाला आणि नग बरोबर होते असं धरतात. लोडिंगवाला म्हणेल, “अहो, शेरा मारलात तर साहेब चिडतात.” चिडू द्या.

८. रस्त्यावर

गाडीची उंची, लांबी आणि भरल्यावरचं वजन एका पट्टीवर लिहून समोर काचेच्या वर चिकटवा. कमी उंचीच्या पुलासमोर आल्यावर आठवायला वेळ नसतो. कारसाठी केलेल्या नकाशा-अ‍ॅपला तुमची उंची माहीत नसते. ते जवळचा रस्ता म्हणून तुम्हाला अशा गल्लीत नेतं जिथून पाऊण किलोमीटर मागे घेत यावं लागतं. नवीन ठिकाणी जाण्याआधी तिथे जाऊन आलेल्या ड्रायव्हरला विचारणं हा अजूनही सर्वांत चांगला नकाशा.

एअर ब्रेकला हवा पोचायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक धरायच्या आधीच. आणि नवीन माणसाला खोटी वाटणारी एक गोष्ट: रिकामी गाडी लवकर थांबते असं नाही. ब्रेक आणि स्प्रिंग भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीची चाकं उसळतात, लॉक होतात, घसरतात. परतीच्या फेरीत अंतर वाढवा, कमी करू नका.

उताराला लागण्याआधी गिअर कमी करा. उतार सुरू झाल्यावर तो पडेलच अशी खात्री नसते. मग इंजिनला आणि एक्झॉस्ट ब्रेकला (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) धरू द्या. ठरवलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की पायाचा ब्रेक नीट दाबून वेग साधारण ताशी १० किलोमीटरने खाली आणा आणि पूर्ण सोडा. पुन्हा वाढला की पुन्हा. सतत हलका पाय ठेवून उतरलात तर ब्रेकचे लायनर तापतात आणि खाली पोचेपर्यंत पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास यायला लागला तर तो दुसऱ्याच्या गाडीचा आहे असं समजू नका.

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. आरशात मागचं चाक कोपरा सोडून गेलेलं दिसेपर्यंत वळण पूर्ण झालेलं नसतं, आणि त्या आतल्या जागेत दुचाकीवाला घुसलेला असतोच.

९. गाडी मागे घेताना

दुसरा किस्सा. दुपारची वेळ, ओळखीचं आवार, चौथ्यांदा आलो होतो. एक मुलगा मागे उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” करत होता. मी आरशात त्याचा हात बघत होतो, मागची जागा बघत नव्हतो. मागच्या खेपेला तिथे नसलेला, कमरेइतका लोखंडी खांब नव्याने रोवला होता. मुलाला तो दिसत होता, पण गाडीची शेपटी वळताना किती बाहेर येते याचा त्याला अंदाज नव्हता. मागचा दिवा, बंपर आणि दाराची बिजागरी. आवाज फार मोठा झाला नाही, हे मला अजून आठवतं.

तर, मागे घेण्याआधी थांबा, उतरा, मागची जागा पायी चाला. वर बघा, कारण पत्रा, वायर, पाइप आरशात दिसत नाहीत. जमीन बघा, खड्डा किंवा उतार आहे का. शक्य तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला वळून मागे घ्या, तिकडचं स्वतःला दिसतं. हात दाखवणारा माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक. तो कुठे गेला हे कळेपर्यंत चाक हलवू नका. पुन्हा पुढे घेऊन सरळ करण्यात कमीपणा नाही. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असतील, वाजवू देत. नुकसानीच्या फॉर्मवर त्यांची नावं येत नाहीत.

डॉकला (माल चढवा-उतरवायच्या ओट्याला) लागल्यावर पार्किंग ब्रेक, चाकाला ठोकळे आणि चावी खिशात. फोर्कलिफ्ट आत असताना गाडी हलल्याने माणसं मेली आहेत.

१०. ताटकळणं आणि पोचपावती

दिलेल्या वेळेला पोचलात तरी माल लगेच खाली होईलच असं नाही. गेटवर आल्याची वेळ, डॉक मिळाल्याची वेळ, माल खाली झाल्याची वेळ, कागद मिळाल्याची वेळ, या चारही वेळा वहीत टाका आणि शक्य असेल तर गेटपासवर किंवा बिल्टीवर तिथल्या माणसाकडून लिहून घ्या. हॉल्टिंगचं भांडण महिन्याअखेरीला होतं, तेव्हा आठवण चालत नाही.

पोचपावतीवर सही, शिक्का, तारीख आणि सही करणाऱ्याचं वाचता येईल असं नाव, चारही हवं. ‘नग कमी’ किंवा ‘डॅमेज’ असा शेरा ते मारत असतील तर किती आणि कोणते, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. नुसतं ‘शॉर्टेज’ लिहून दिलेली पावती घेऊन निघालात, तर दोनचे वीस व्हायला वेळ लागत नाही. गेट सोडण्याआधी फोटो काढून ऑफिसला पाठवा.

११. तास आणि झोप

युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण ९ तास चालवता येतं. अमेरिकेत माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास, आणि ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं म्हटलं होतं. तुमच्याकडे जो नियम असेल तो पाठ करा, कारण ‘एवढीच एक फेरी टाक’ म्हणणारा फोन येणारच आहे.

१९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसांचा हात-डोळ्याचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडला होता. म्हणजे सकाळी पाचला उठून रात्री दहाला स्टिअरिंगवर असलेला कुठलाही साधा, निर्व्यसनी माणूस. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर पाणी मारणं यांनी दहा मिनिटं मिळतात, झोप जात नाही. शेवटचे दोन किलोमीटर कसे आले हे आठवत नसेल तर पुढची सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला लावा आणि वीस मिनिटं पडा. उठल्या उठल्या लगेच सुटू नका, दहा मिनिटं चाला.

ऑफिसला सांगताना भाषा साधी ठेवा: “माझे तास संपले आहेत, मी अमुक ठिकाणी थांबलोय, सकाळी सहाला निघतो, साडेनऊला पोचतो.” कारणांची यादी नको, पोचायची नवी वेळ हवी. उशीर ऑफिसात गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्याला चालतो. अचानक कळलेला उशीर चालत नाही. आणि हा निरोप मेसेजमध्ये लिहून पाठवा. नियम मोडायला तोंडी सांगणारे लोक लेखी उत्तर देताना एकदम समजूतदार होतात, हा माझा अनुभव.

१२. धक्का लागला, बिघाड झाला तर

आधी गाडी आणि माणसं सुरक्षित, त्रिकोण किंवा दिवे मागे लावलेले, जखमी असेल तर तातडीची मदत. मग ऑफिस. मग फोटो: लांबून पूर्ण जागा, जवळून नुकसान, समोरच्या गाडीचा नंबर, रस्त्यावरच्या खुणा. जागेवर कुणाशी ‘चूक माझीच’ किंवा ‘चूक तुझीच’ असं बोलत बसू नका, कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

किरकोळ ओरखडा असला तरी त्याच दिवशी सांगा. खांबाच्या वेळी मी लगेच फोन केला होता. तासभर बोलणी खाल्ली, पगारातून एक हप्ता गेला, नोकरी राहिली. त्याच महिन्यात माझ्याबरोबर लागलेल्या एकाने आरसा मोडल्याचं लपवलं. गाडी पुढच्या पाळीला गेली, तिथल्या ड्रायव्हरने तपासणीच्या वहीत नोंद केली, आणि तो तीन महिनेही टिकला नाही.

१३. सोडून जाताना

नवीन माणसाला हा मुद्दा लवकरचा वाटेल, पण पहिली कंपनी बहुतेकांची शेवटची नसते. नोटीस किती दिवसांची, ते रुजू होतानाच्या कागदात बघून ठेवा. गाडी वाटेत कुठेतरी उभी करून निघून जाऊ नका, कितीही भांडण झालं तरी. ती नोंद पुढच्या मुलाखतीत तुमच्या आधी पोचते. चावी, डिझेल कार्ड, टोलचं कार्ड, बेल्ट, ताडपत्री, जॅक, सगळं यादी करून परत द्या आणि यादीवर सही घ्या. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, मीटरचाही एक. शेवटच्या फेरीच्या पोचपावतीची प्रत आणि अनुभवपत्र हातात आल्याशिवाय हिशेब पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका. वही मात्र परत द्यायची नाही, ती तुमची.